नाडी कोणाच्या हातात?

शाळेतल्या पी.टी.च्या तासाला आजवर तीन साधने पुरली आहेत: शिट्टी, टेप आणि स्टॉपवॉच. शिट्टीवर साऱ्या वर्गाने एकदम हलायचे, टेपने उडी मोजायची आणि स्टॉपवॉचने धावण्याचा वेळ घ्यायचा. ही तिन्ही साधने मुलाच्या शरीराबाहेर काय घडले तेवढेच सांगतात. कोण पुढे गेला, कोण मागे पडला, कोणाचा पाय चुकला हे त्यांना कळते. तेवढे अंतर कापण्यासाठी एखाद्या मुलाच्या आत किती खर्च झाला, हे मात्र त्यांतल्या एकालाही सांगता येत नाही. छातीला पट्टा किंवा मनगटाला घड्याळ बांधून हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र शाळेच्या मैदानावर आले ते हा खर्च दाखवण्यासाठी. त्याची हकीकत सहसा फिनलंड आणि अमेरिकेपासून सुरू होते. मी रायपूरच्या उत्तरेला, उरल्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहतो. इथून पाहिले तर त्या हकिकतीची काही महत्त्वाची पाने लोणावळ्यात, अमरावतीत आणि नागपुरात सापडतात. ती वाचल्याखेरीज हे यंत्र आपल्या शाळांना कशासाठी हवे, किंवा हवे तरी का, हे ठरवता येणार नाही.

नाडी पाहणे आपल्याला नवे नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला प्राणिपक्ष्यांच्या चालीची उपमा दिली आहे: वाताची नाडी जळू किंवा सापासारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी. म्हणजे वैद्य नाडी वाचत असे, मोजत नसे. ती कशी चालते याकडे त्याचे लक्ष असे. मिनिटाला किती ठोके, हा प्रश्न त्याला पडत नव्हता, कारण त्यासाठी मिनिट दाखवणारे घड्याळ लागते. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने बरोबर एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ साली नाडी मोजण्यावर पुस्तक छापले. तिथून नाडीचा आकडा झाला. पुढे दोनशे वर्षांनी हॉलंडमधल्या लायडेन शहरात विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाची वीज कागदावर उतरवणारे यंत्र बनवले. ते खोलीभर पसरलेले होते, आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. या कामासाठी आइन्थोव्हेन यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले. संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म १८८३ साली डभोईला झाला. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात ते व्यायाम शिकले, अंमळनेरला त्यांनी शिक्षकी केली आणि नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योग घेतला. लाल मातीचा आखाडा, शाळेचा वर्ग आणि योगसाधना ही तिन्ही क्षेत्रे ज्याने आतून पाहिली, असा हा माणूस. योगाने शरीरात काय होते हे श्रद्धेने मानण्यापेक्षा मोजून पाहावे, असे त्याला वाटले. त्याने बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौलीच्या वेळी क्ष-किरणांनी पोट तपासून घेतले, आणि लोणावळ्याला प्रयोगशाळा उभी केली. सर्वांगासन व मत्स्यासन करताना रक्तदाब किती बदलतो याच्या नोंदी केल्या आणि ते सारे ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. व्यायाम करणाऱ्या शरीराला यंत्र लावून आत काय चालले आहे हे विचारण्याची कल्पना मराठी मुलखात अशी शंभर वर्षांपूर्वीच आली होती.

कुवलयानंदांचा शाळांशीही जवळचा संबंध आला. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले. १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली, तो याच काळातला भाग. शाळांच्या वेळापत्रकात आसने आली, सांघिक व्यायाम आले. प्रयोगशाळा मात्र शाळेत आली नाही. रक्तदाबाचे यंत्र, नोंदवही, ‘या माणसाला या व्यायामाने काय होते’ हा प्रश्न, हे सगळे लोणावळ्यालाच राहिले. शाळेत पोचली ती कृती: हात वर, हात बाजूला, एक-दोन-तीन-चार. यात कोणाचा दोष काढता येत नाही. अर्ध्या तासात पन्नास-साठ मुले, एक शिक्षक आणि एक शिट्टी असताना कोणाकोणाच्या आत डोकावणार? शिवाय त्या काळी शारीरिक शिक्षणाकडून समाजाची मागणीही वेगळी होती. त्याला रांगेत चालणारी, एका हाकेला उभी राहणारी, देशासाठी तयार पिढी हवी होती. रांगेला सरासरी चालते. हृदय मात्र प्रत्येकाचे वेगळे असते.

रायपूरचा धागा इथे अमरावतीशी जुळतो. १९०३ पासून १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच प्रांताच्या कारभाराखाली होती आणि राजधानी नागपूर होती. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ मध्य भारतातल्या व्यायामशिक्षणाचे मोठे केंद्र झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे मल्लखांबासारखे देशी व्यायाम करून दाखवले. आखाड्याच्या परंपरेत मोजणी होतीच. जोर किती, बैठका किती, हे आकडे पोरे अभिमानाने सांगत. पण चांगला वस्ताद केवळ आकड्यावर जात नसे. पोराची धाप कशी आहे, घाम कसा फुटला आहे, डोळे कसे दिसतात हे पाहून तो उद्याचा आकडा ठरवी. मराठीत माणसाची ताकद आपण ‘दम’ या शब्दाने सांगतो. ‘त्याच्यात दम आहे’ म्हणजे कुवत आहे, आणि ‘त्याला दम लागला’ म्हणजे ती संपत आली आहे. एकाच शब्दात कुवत आणि तिची मर्यादा दोन्ही आहेत. वस्तादाला हा शब्द दोन्ही अर्थांनी कळत होता. त्याच्यापुढे दहा-पंधरा पोरे असत, आणि ती रोज येत. शाळेने आखाड्याकडून व्यायाम घेतला, पण वस्तादाची नजर तिला घेता आली नाही. जिथे ती नजर पोचत नाही तिथे यंत्राची गरज सुरू होते.

यंत्राचे म्हणणे कधी आणि का ऐकावे, याचा एक चांगला दाखला १९५७ सालचा आहे. वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेहून हृदयाच्या व मेंदूच्या नोंदी घेणारी यंत्रे घेऊन भारतभर फिरले. दिल्लीचे डॉ. आनंद त्यांच्यासोबत होते. लोणावळाही त्यांच्या वाटेत होते. हृदय थांबवता येते असे म्हणणाऱ्या योग्यांच्या त्यांनी नोंदी घेतल्या. श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळले की मनगटावरची नाडी लागेनाशी होई, आणि छातीवर नळी ठेवली तरी ठोके ऐकू येत नसत. कागदावर मात्र हृदयाची रेषा उमटतच होती. छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले होते, एवढेच. त्यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. बोटांना नाडी लागत नाही म्हणून हृदय थांबले असे होत नाही, हा त्यातला धडा. उलट बाजूचा धडाही लक्षात ठेवायला हवा. रेषेने हृदय चालू असल्याचे सांगितले, पण तो माणूस नेमके काय करत होता हे समजण्यासाठी शेजारी बसून त्याची छाती आणि पोट पाहावेच लागले.

शाळेसाठी बोटे आणि घड्याळ यांच्यावर भागणारी एक पद्धत याआधीच निघाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, हार्वर्डच्या प्रयोगशाळेतील लुसियन ब्रूहा यांनी पायरीची चाचणी मांडली. वीस इंच उंच बाकावर मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटे चढउतार करायची. मग बसायचे, आणि एक मिनिट झाल्यावर अर्धा मिनिट नाडी मोजायची. चढउतार केलेल्या सेकंदांना १०० ने गुणून, नाडीच्या आकड्याच्या साडेपाच पटीने भागायचे. पूर्ण पाच मिनिटे टिकलेल्या मुलाची नाडी अर्ध्या मिनिटात ६० भरली तर उत्तर सुमारे ९१ येते, ७५ भरली तर सुमारे ७३. श्रम थांबल्यावर हृदय जितक्या लवकर शांत होते तितके ते तयार, हा त्यामागचा विचार आहे. हे सूत्र आज सीबीएसईच्या बारावीच्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात आहे. स्वतःच्या मनगटाला हात न लावताही ते पाठ करता येते आणि उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहिता येते. प्रत्यक्ष मैदानावर चालणाऱ्या ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचण्यांत वजन-उंची, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, पोटाचे व हातांचे व्यायाम आणि लवचिकता मोजतात. त्यात नाडी नाही. सूत्र वर्गात आणि धावणे मैदानावर, अशी वाटणी झाली आहे.

फिनलंडचे पान यानंतर उघडते. औलू विद्यापीठातले इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगस यांनी बर्फावर घसरत लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्या खेळाडूंसाठी ठोके मोजण्याचे साधन बनवण्याचा ध्यास घेतला. १९७७ साली त्यांनी केंपेले या गावी ‘पोलर’ कंपनी काढली. १९८२ मध्ये छातीचा पट्टा आणि मनगटावरचे घड्याळ यांच्यात तार नसलेले यंत्र आले. आइन्थोव्हेन यांची खोली आता मुलाच्या अंगावर मावू लागली. अमेरिकेतील नेपरव्हिल या गावच्या मॅडिसन ज्युनियर हायस्कूलमध्ये फिल लॉलर नावाच्या शारीरिक शिक्षकाने हे पट्टे पी.टी.च्या तासाला आणले. त्यांची गोष्ट जॉन रेटी यांच्या २००८ सालच्या ‘स्पार्क’ या पुस्तकामुळे जगभर गेली. सहावीतली एक मुलगी मैलभर धावताना फार मागे पडायची. लॉलर यांनी तिच्या छातीवर पट्टा बांधून पाहिला, तर तिच्या ठोक्यांची सरासरी १८७ निघाली. जी मुलगी बाहेरून रेंगाळताना दिसत होती, ती आतून वर्गातल्या कोणाहीपेक्षा कमी धावत नव्हती. त्यानंतर लॉलर यांनी गुण वेळेवर न देता कष्टावर द्यायला सुरुवात केली.

ही गोष्ट उरल्यात आणून पाहण्यासारखी आहे. उरला म्हणजे स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलचा भाग. शेजारी बिरगाव, पुढे सिलतरा. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि छत्तीसगडच्या खेड्यांतून आलेल्या कामगारांची मुले इथल्या शाळांत शिकतात. सकाळच्या धुरकट हवेत पी.टी. होते. मागच्या हिवाळ्यात इथल्या एका शाळेत, माझ्या ओळखीच्या पी.टी.च्या सरांनी आठवीच्या वर्गावर एक साधा प्रयोग केला. पट्टे नव्हते. ६०० मीटरची धाव संपताच प्रत्येकाने मानेवर किंवा मनगटावर दोन बोटे ठेवायची, सरांनी पंधरा सेकंदांची शिट्टी द्यायची, आकडा ओरडून सांगायचा आणि चारने गुणायचे. पहिला आलेला मुलगा ४३ म्हणाला, म्हणजे १७२. मधल्या घोळक्यात गप्पा मारत आलेला एक जण ३२ म्हणाला, म्हणजे १२८. त्याला कोणी कधी रागावले नव्हते, कारण तो मधे होता. सर्वांत शेवटी आलेल्या मुलीचा आकडा ४९ होता. सरांनी स्वतः तिच्या मनगटावर बोटे ठेवून पुन्हा मोजले. तोवर ती थोडी सावरली होती, तरी ४७ भरले. तिच्याबद्दल वर्गाचे मत ठरलेले होते. ‘सर, ये तो रोज का नाटक है’, असे एक जण म्हणालाही. सर काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत तिच्या नावापुढे आकडा लिहिला आणि तिच्या आईला निरोप पाठवला. आरोग्य केंद्रात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघाले.

यामागचे कारण सरळ आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर प्रत्येक ठोक्यागणिक कमी प्राणवायू पोचतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदयाला जास्त वेळा पिळावे लागते. म्हणजे सारखेच अंतर धावताना अशा मुलीचे हृदय शेजारणीपेक्षा अधिक काम करते आणि तरीही ती मागे पडते. आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे, सिकलसेलचा. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. विदर्भ आणि छत्तीसगड या रोगाच्या एकाच पट्ट्यात येतात. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. हा आजार असलेल्या मुलाला उन्हात, तहानलेल्या अवस्थेत, शिक्षा म्हणून ‘अजून चार फेऱ्या’ मारायला लावणे धोक्याचे असते. कष्टाने आणि पाणी कमी पडल्याने त्याच्या अंगातल्या वेदनांचा झटका उफाळू शकतो. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी वाटतात, तिची नोंद एका वहीत होते. धावण्याची वेळ दुसऱ्या वहीत लिहितात. या दोन वह्या एका टेबलावर ठेवल्या जात नाहीत. नाडीचा आकडा त्यांना एकत्र आणू शकतो, आणि आपल्या मुलखात त्याचे सर्वांत मोठे काम हेच आहे असे मला वाटते.

मग यंत्रेच का घेऊ नयेत? बोटांनी मोजताना पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाच्या आकड्यात चारचा फरक पडतो, आणि थांबल्याबरोबर नाडी झपाट्याने उतरते. पट्टा धावतानाच मोजतो आणि चुकतही कमी. तो सोय म्हणून जरूर यावा. पण आकड्याबरोबर एक अर्थही तयार होऊन येतो, तो तपासून घ्यायला हवा. बहुतेक यंत्रे वय २२० मधून वजा करून कमाल ठोके ठरवतात आणि त्यावरून हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे पाडतात. हे सूत्र १९७१ च्या सुमारास प्रौढांवरच्या विखुरलेल्या निरीक्षणांतून ढोबळ अंदाज म्हणून निघाले. मुलांची कमाल मर्यादा शालेय वयात दर वर्षी एकेक ठोक्याने खाली येत नाही, ती साधारण २०० च्या आसपास राहते. शिवाय ठोके केवळ कष्टाने वाढत नाहीत. ऊन, भीती, ताप, उपाशी पोट, रक्तातली कमतरता, यांतले काहीही त्यांना वर नेते. १९६ हा आकडा त्या मुलीच्या मेहनतीचा होता आणि आजाराचाही. कष्टाचे गुण म्हणून तो वहीत चढला असता तर तिला शाबासकी मिळाली असती आणि आजार तसाच राहिला असता. आकडा पाहून सरांनी तिला विचारपूस केली, म्हणून तो कामाला आला.

यापुढचा प्रश्न मालकीचा. मराठीत ‘त्याची नाडी माझ्या हातात आहे’ असे म्हणतो तेव्हा आपल्याला वैद्यकी अभिप्रेत नसते, सत्ता अभिप्रेत असते. पट्ट्याने मोजलेला ठोका मोबाइलवर जातो, तिथून कंपनीच्या संगणकावर, आणि भिंतीवरच्या पडद्यावर वर्गातल्या सगळ्यांच्या नावांपुढे रंग उमटू लागतात. शेवटी धावणाऱ्या मुलाला आजवर फक्त मैदानावर सगळे पाहत होते. आता त्याचे आतले काळीजही सगळ्यांपुढे येईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे आणि मुलांवर पाळत ठेवण्याला मनाई केली आहे. नियमांत शाळांना काही सवलत आहे. म्हणूनच शाळांनी आपली मर्यादा स्वतः आखून घेतली पाहिजे. मुलाचा आकडा मुलाला, पालकांना आणि शिक्षकाला कळावा. भिंतीवर तो नको, आणि गुणपत्रिकेवरही नको.

आणि आकडा वाचायला माणूस लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक हवा असे म्हटले आहे, पण अंशकालीन. जो आठवड्यातून काही तासच येतो त्याला कोणाची नाडी एरवी किती असते हे कसे कळणार? वस्तादाची नजर रोजच्या सहवासातून आली होती. लोणावळ्याच्या नोंदींना अर्थ होता, कारण नोंद करणारा आणि आसन करणारा समोरासमोर होते. यंत्रांवर खर्च करायला निघालेल्या शाळेने आधी पूर्णवेळ शिक्षक ठेवावा, मग पट्टे घ्यावेत.

तोवर थांबून राहायचे कारण नाही. अंगठ्याखालच्या खाचेत दोन बोटे ठेवून स्वतःची नाडी शोधायला आठवीच्या मुलाला दोन-चार मिनिटे लागतात. सकाळी उठल्याबरोबर किती, धावल्यावर किती, एक मिनिट बसल्यावर किती, असे तीन आकडे त्याने महिनाभर स्वतःच्या वहीत लिहिले तर शरीराबद्दल त्याला पाठ्यपुस्तकाहून अधिक कळेल. मुख्य म्हणजे ‘मी आळशी आहे का’ या प्रश्नाचे उत्तर त्याला दुसऱ्या कोणाकडून ऐकून घ्यावे लागणार नाही. शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्याला सुरू झालेले मोजण्याचे काम शाळेच्या फाटकाशी थांबले होते. ते आत न्यायला आज एक घड्याळ, एक वही आणि शेवटच्या मुलापर्यंत चालत जाणारा शिक्षक पुरेसा आहे.